नवाने भाग जातोय का बघ

गुरुवार, रात्री साडेदहा

बँकेच्या झोनल ऑफिसचा मेल आज परत आला, तिसरा रिमाइंडर. महिन्यातनं एकदा ब्रँचमध्ये ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’ ॲक्टिव्हिटी घ्यायची, फोटो शुक्रवारी पाचच्या आत पोर्टलवर टाकायचा आणि फोटोत सगळा स्टाफ हसताना दिसला पाहिजे (हसताना हे खरंच लिहिलंय, माझ्या मनचं नाही). मागच्या महिन्यात केक कापला. काका शुगर सांगून लवकर निघाले, लातूरची पोरगी फोटो होईस्तोवर थांबली आणि कानात इअरफोन खुपसून बस पकडायला पळाली. पोर्टलवर हिरवी टिक आली, झालं एंगेजमेंट.

आमच्या ब्रँचचं वयाचं गणितच विचित्र आहे. काका ५९चे, मार्चअखेर रिटायर, ८८ साली बीएसआरबीची (तेव्हाची बँकभरतीची) परीक्षा देऊन लागलेले. मी ४३. आणि मग एकदम पोरं, २९, २६, २४. मध्ये कोणी नाहीच. २०००-०१ला व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) आली तेव्हा सरकारी बँकांतनं लाखभर लोक बाहेर पडले, पुढे काही वर्षं भरती जवळजवळ बंदच, मग २०११पासून बँकभरतीची आयबीपीएसची कॉमन परीक्षा सुरू झाली आणि पोरं भसाभस आली. म्हणजे मोठ्यांकडनं शिकून लहानांना शिकवायचं काम ज्या मधल्या लोकांनी करायचं ते लोकच बँकेने घेतले नाहीत, आणि आता झोन विचारतंय की ‘जनरेशन गॅप’साठी ब्रँच लेव्हलला काय केलं. केक कापला साहेब.

त्यात पेन्शन. १ एप्रिल २०१०पासून जे लागले त्यांना एनपीएस (पैसे बाजारात गुंतवून मिळेल ती पेन्शन), आधीच्यांना जुनी पेन्शन. डबा खाताना हा विषय निघाला की संपलंच. पोरगी एकदा म्हणाली, “सर, तुमचं म्हातारपण बँक बघणार, आमचं शेअर बाजार बघणार, मग आम्ही कशाला सातपर्यंत बसायचं?” काका काही बोलले नाहीत, डबा बंद केला. मला राग आला होता तिचा. तिचं चुकलं काय ते मात्र मला आजही सांगता येत नाही.

आता माझं. जूनमध्ये दोन कस्टमरांनी तक्रार केली की कॅशला फार वेळ लागतो, म्हणून मी काकांना कॅशवरनं काढून पासबुक प्रिंटरला आणि टपालाला बसवलं. ते मशीनने मोजलेलं बंडल परत हाताने मोजतात, ही सवय जाता जात नाही. त्यांच्या अंगठ्याला जुना घट्टा आहे, २००१पर्यंत नोटांच्या पाकिटांना स्टेपल मारलेलं असायचं, ती पिन उपसून उपसून पडलेला. कॅशवरनं काढलं तेव्हा एवढंच म्हणाले, “बरं मॅडम.” तेव्हापासून आठवड्याला एक रजा. आणि मी झोनला फोनवर काय सांगितलं, तर काका आता कामात इंटरेस्ट घेत नाहीत. हे लिहिताना पण लाज वाटतेय.

तर कालचा किस्सा. बाजाराचा दिवस, कॅशला ही तोबा गर्दी, आणि संध्याकाळी पोरीची कॅश ४,५०० शॉर्ट. दोनदा मोजलं, ड्रॉवर उपसला, कचऱ्याची बादली पालथी केली. शॉर्ट आली की भरायची कॅशियरनेच, तिच्या पगारातनं रूमचं भाडं आणि घरी पाठवायचे जाऊन राहतं किती. तिजोरीला दोन चाव्या, एक तिच्याकडे एक पाटण्याच्या पीओकडे (प्रोबेशनरी ऑफिसर), टॅली झाल्याशिवाय दोघंही हलू शकत नाहीत, मग मी तरी कुठे जाणार. पोरगी रडायच्या बेतात.

काका पिशवी खांद्याला लावून निघाले होते. दारातनं वळून म्हणाले, “किती?”

“साडेचार हजार, सर.”

“नवाने भाग जातोय का बघ.”

तिने मोबाईलवर करून बघितलं. जातोय, पाचशे येतात.

“मग पैसे कुठे गेले नाहीत, आकडा उलटा पडलाय. हजाराच्या आणि शंभराच्या घरातला. आणि त्या दोन आकड्यांत फरक पाचाचा असणार. दोन-सात असेल, तीन-आठ असेल, असलं कायतरी.”

आम्ही तिघंही बघतच राहिलो. मी सतरा वर्षं बँकेत आहे, मला नवाचं माहीत होतं अर्धवट, पण घर आणि फरक काढायचं कुणी दाखवलंच नव्हतं. पोरीने मात्र डोळे पुसले आणि दिवसभराच्या रिसीटचा रिपोर्ट एक्सेलमध्ये काढून हजाराच्या घरातल्या आकड्यातनं शंभराच्या घरातला वजा करून पाच उरतात तेवढ्याच एंट्री फिल्टर केल्या. दीडशेतल्या अकरा उरल्या. आता काका बघत राहिले. मग पिशवी खाली ठेवून त्या अकरा स्लिपा त्यांनी गठ्ठ्यातनं काढल्या, सातवी का आठवी स्लिप ४२,७००ची, सिस्टिमला ४७,२००. किराणावाल्याची. पीओने रिव्हर्सल पास केलं, किराणावाल्याला फोन केला, तो म्हणाला मला मेसेज आलेला पण मी बघितलाच नाही.

निघताना पोरगी म्हणाली, “काका, उद्या थोडं लवकर याल?” सरचं काका कधी झालं कळलं नाही. आज सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी दोघं कॅश केबिनमध्ये, ते तिला बंडल हाताने मोजायला शिकवत होते, ती त्यांचा रिटायरमेंटचा ऑनलाइन फॉर्म भरत होती, जो दोन महिने अडकला होता म्हणे. मला बोलले नाहीत ते. विचारलं तर म्हणाले, “तुम्ही कामात असता मॅडम.”

दुपारी ड्यूटी चार्ट बदलला, सोमवार आणि बाजारचा बुधवार कॅशला काका, शेजारी पोरगी. काकांनी चार्ट वाचला, चष्मा काढला, म्हणाले, “इन्शुरन्स विकायचं टार्गेट नाही ना लावलं?” नाही लावलं. झोनने विचारलं तर बघू.

पाटण्याच्या पोराचं राहिलंच. वर्ष होत आलं त्याला इथे, जेवताना सगळे मराठीत बोलतात आणि तो मोबाईलमध्ये मान घालून जेवतो, हे मला रोज दिसतं. काल जाता जाता त्याने मला विचारलं, “मॅडम, घर माने कॉलम ना?” हो म्हटलं.

फोटोचं अजून काही ठरवलं नाही. उद्या पाचच्या आत.