पू नसलेला घसा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या लॅबमध्ये सकाळी सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीची, झुंबड असते. मशीन मिनिटभरात आकडे काढतं, रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर जातो. स्लाइड कुणी बघितली का, हे पेशंट विचारत नाहीत, आणि खरं सांगायचं तर बरेच डॉक्टरही नाहीत.

कागलकडची बाई आली, ताप आणि घसादुखी. नवरा काउंटरला टेकून, "मॅडम, साधा ताप हाय, किती वेळ लावतायसा?"

पांढऱ्या पेशी ११००. नॉर्मल ४००० ते ११०००. नळीत आकडा चुकवणारी गुठळी नव्हती, पुन्हा लावलं तरी तेच. मग स्मिअर केला, म्हणजे रक्ताचा थेंब स्लाइडवर पातळ पसरला. पेशी दिसाव्यात म्हणून द्यायचा लिशमन रंग माझ्या हातचा छान उतरतो: न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचं तीन-चार खंडांचं जांभळं केंद्रक, खंडांमध्ये बारीक धागा, भोवती फिकट गुलाबी कण. इथं तसलं एकही केंद्रक दिसेना. मोठ्या पेशी स्मिअरच्या शेपटीकडं ओढल्या जातात म्हणून कडाही पालथ्या घातल्या. सगळे लिम्फोसाइट, क्वचित मोनोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचे दुसरे प्रकार.

लिम्फोसाइट प्रतिपिंडं बनवतात, पण नव्या जंतूसाठी त्यांना काही दिवस लागतात. काही तासांत धावून जाऊन जंतू गिळणारे ते न्यूट्रोफिल. पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच मढी. तेच नसले तर पू धरत नाही, सूजही बेताची, आणि आजार किरकोळ वाटतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'सौम्य घसादुखी' लिहिलं होतं. मी टॉर्च मारला तर पांढुरके व्रण, पुवाचा टिपूस नाही.

"दुसरी कसली गोळी चालू आहे का?"

"थायरॉईडची हाय की. दीड महिना झाला."

कार्बिमाझोल. वाढलेला थायरॉईड दाबणारी ही गोळी कधीकधी न्यूट्रोफिलच संपवते. डॉक्टरांना फोन केला. "लॅब एरर असेल, परत घ्या." आमच्याकडून न पटणारा आकडा गेला की हेच ऐकायचं. परत घेतलं, तेच आलं. मग मात्र गोळी बंद, ताबडतोब अॅडमिट, शिरेतून अँटिबायोटिक.

पुढच्या नमुन्यांत आधी मोनोसाइट वाढले, मग कोवळे, दाट कणांचे न्यूट्रोफिल दिसले. मी शेजारच्या पोराला बोलावून दाखवले. त्यानं मान हलवली आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

डिस्चार्जनंतर नवरा आला. "गोळी देतानाच हे का सांगितलं न्हाई ओ?"

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, असं क्वचित होतं, आणि आधी सांगितलं तर लोक गोळीच सोडतात. क्वचित होतं हे खरं. पण 'घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासा' एवढं सांगायला किती वेळ लागतो?