लाईन आली, पण काटा सुरू होईना

पांढरकवड्याकडच्या एका कापसाच्या जिनिंगमधून भर हंगामात फोन आला, "भाऊ, लाईन आली, पण पावती काऊन निंगत नाही?" यूपीएसची बॅटरी गेलेली. लाईन जाताच गाड्या मोजायच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि आता वजनाच्या सॉफ्टवेअरला डेटाबेस सापडत नव्हता.

पोहोचलो तर गाड्यांची रांग फाटकाबाहेर. खरी काळजी मात्र आत होती. काही गाड्यांचं भरलेलं वजन झालं होतं, कापूस ढिगात ओतला होता आणि रिकाम्या गाडीचं वजन राहिलं होतं. भरलेल्या वजनाचा आकडा फक्त त्या डेटाबेसमध्ये. तो गेला असता तर ढिगातला आपला कापूस किती, हे शेतकऱ्यानं सिद्ध कसं करायचं?

कॉम्प्युटरवर अल्मा लिनक्स, म्हणजे रेड हॅटच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस. सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टीमसीटीएल कमांडला पोस्टग्रेसचं स्टेटस विचारलं, उत्तर आलं: इनॅक्टिव्ह, डिसेबल्ड, म्हणजे आत्ता बंद आणि आपोआप न उठणारी. स्टार्ट केलेली सर्व्हिस तेवढ्यापुरती चालते. मशीन सुरू होताना ती आपोआप उठायची तर इनेबल करावी लागते, म्हणजे मशीन सुरू होताना उठवायच्या सर्व्हिसच्या यादीत, मल्टी-यूझर टार्गेटखाली, तिची लिंक पडते. उबुंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये पोस्टग्रेसचं पॅकेज टाकलं की हे आपोआप होतं, रेड हॅटच्या घराण्यात होत नाही. बसवणाऱ्यानं नुसतं स्टार्ट करून ठेवलं होतं, आणि बॅटरी धड होती तोवर ते कुणाला कळलं नाही.

'इनेबल'ला 'नाऊ' जोडून कमांड दिली. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी वॉल (WAL) लॉगमध्ये लिहून ठेवतं, त्यावरून त्यानं स्वतःला सावरलं. नोंदी उघडल्या, भरलेली वजनं सगळी जागेवर! मुनीमजींनी कच्च्या वहीशी गाड्यांचे नंबर ताडून पाहिले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मग 'एसएस' ही कमांड चालवून नेटवर्कसाठी कोणकोणते पोर्ट, म्हणजे दरवाजे, उघडे आहेत ते पाहिलं. 631 वर कप्स ही छपाईची सर्व्हिस, प्रिंटरसाठी हवीच. 111 वर मात्र आरपीसीबाइंड, सगळ्या नेटवर्कला उघडं. ते नेटवर्कवरून फाइली वाटणाऱ्या जुन्या एनएफएसला लागतं, इथे एनएफएसच नाही. सर्व्हिस थांबवली तर सगळ्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टीमडीनं बजावलं की तिचं सॉकेट, म्हणजे पोर्टवर कान लावून बसलेला भाग, तिला पुन्हा उठवू शकतं. म्हणून सर्व्हिस आणि सॉकेट दोन्ही डिसेबल केले.

आता रीस्टार्ट. मुनीमजी कळवळून म्हणाले, "चालू झालं ना जी, आता काऊन बंद करता? लोकं सकाळपासून उभे आहेत." त्यांचं बरोबर होतं. तरी मी ऐकलं नाही. आपोआप उठतं की नाही हे रीस्टार्टशिवाय कळतच नाही, आणि रात्री लाईन गेली तर हीच माणसं उद्या पुन्हा उभी राहिली असती.

मशीन उठलं. कशालाही हात न लावता पोस्टग्रेस चालू, 111 बंद, प्रिंटर तयार. आधी रिकाम्या गाड्या काट्यावर घेतल्या, मग रांग. बॅटरी त्याच संध्याकाळी बदलायला लावली.