एका वाक्याची भूमिका

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'शाळेनं मला काय दिलं' यावर लिहा, असं समितीचं पत्र आलं. शाळेनं गणितही दिलं होतं, ते कुठं गेलं ठाऊक नाही. अभिनय दिला तो मराठीच्या बाईंनी, तेव्हा मी बाईंवरच लिहिणार. नाव सांगायची गरज नाही, आपल्याकडे नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच.

आठवीत असताना संमेलनासाठी त्यांनी किसा गोतमीची नाटिका लिहिली. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. ज्या घरात कुणीच मेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण, असं भगवान तिला सांगतात. मला अर्थातच बुद्ध व्हायचं होतं. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा माझे आजोबा त्या गर्दीत होते. घरात वंदना रोजची. बाईंनी मला तिसऱ्या घराचा मालक केलं! वाक्य एकच : "मोहरी आहे गं, पण आमची थोरली गेल्या पावसाळ्यात गेली."

तालमीत मी ते रडून म्हणायचो. पोरं थक्क. बाई पायरीवर शेंगा सोलत बसलेल्या. म्हणाल्या, "तू तुझ्या पोरीसाठी रडतोयस. हिच्या कडेवर काय आहे ते पाहिलंस का?" आणि माझं वाक्यच काढून घेतलं. नुसतं बघायचं. गोतमी झालेली नववी 'ब'मधली मुलगी वैतागली, "हा काय बघत बसतो?" मूल म्हणजे सोलापुरी चादरीची गुंडाळी. एकदा तिचा एक पदर सुटून लोंबायला लागला, मी पुढं होऊन तो आत खोचला. बाई म्हणाल्या, "आता बोल."

बाईंनी बी.ए.ला पाली घेतलेलं, तेही धर्मानंद कोसंबींनी जिथं पाली शिकवलं त्या फर्ग्युसनमध्ये. त्याचा त्यांना कोण अभिमान! तरी त्रिसरणाची, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण जाण्याच्या पाली वंदनेची, चाल विचारायला त्या आमच्या घरी आल्या. "आजी, तुम्ही म्हणता तशीच मुलं म्हणतील." आजीला अक्षरओळख नव्हती.

पुष्कळ वर्षांनी 'विसुद्धिमग्ग' या जुन्या पाली बौद्ध ग्रंथात वाचलं : करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, जवळचा शत्रू शोक. जवळचा, कारण तो करुणेसारखाच दिसतो. नटाला हे पटकन कळावं. स्टेजवर ढसाढसा रडणारा बहुतेकदा स्वतःच्या रडण्यावर खूश असतो, समोरचा माणूस त्याला दिसतच नाही. टाळ्या मात्र पडतात, तोच घोळ.

पुढं पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या एकांकिका केल्या, पुण्याच्या 'भरत नाट्य मंदिरा'च्या विंगेत रात्री काढल्या, व्यावसायिक नाटकं झाली. आता मालिकेमुळं भाजीवालेही ओळखतात. तिथं माझा क्लोजअप घेताना समोरचा नट कधीच निघून गेलेला असतो, एखादा असिस्टंट कागदावरून त्याची वाक्यं सपाट वाचतो. मी त्या पोराकडं नीट बघतो. त्याचीही बारा तासांची शिफ्ट झालेली असते.

परवा शाळेत डोकावलो. जुन्या हॉलचं स्टेज पाडून तिथं संगणक कक्ष केलाय, चांगलाच आहे. पण संमेलनात मुलं आता रेकॉर्डवर ओठ हलवतात म्हणे. हे मला मान्य नाही. महोत्सवात एक तरी नाटिका मुलांच्या स्वतःच्या आवाजात होऊ द्या. तालमी मी घेईन. शनिवार-रविवार प्रयोग असतात, मधले वार चालतील. मानधन नको.