पाटी बदलली त्या सोमवारी

लालबागच्या एका सहकारी बँकेच्या शाखेत मी मॅनेजर होते आणि आमची बँक एका मोठ्या बँकेत मर्ज झाली, तेव्हाची ही गोष्ट. जुलै महिना, धो धो पाऊस. शनिवार-रविवारी डेटा मायग्रेशन झालं आणि सोमवारी नव्या सिस्टीमवर पहिला दिवस.

त्याआधी ट्रेनिंगला दोन दिवस पाठवलं होतं. तिथे स्लाइडवर अरुंधती भट्टाचार्य. 2017 ला पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत आल्या तेव्हा त्या चेअरमन होत्या, तर बायका बदल कसा छान हाताळतात वगैरे वगैरे. खरंच मोठं काम आहे त्यांचं, पण मला आपलं सारखं वाटत होतं की आमच्या शाखेत अकरा माणसं, एक गळका एसी आणि अण्णा आहेत, त्याची स्लाइड कुठाय?

अण्णा म्हणजे आमचे हेड कॅशियर, रिटायरमेंटला सव्वा वर्ष राहिलेलं. नव्या सॉफ्टवेअरला त्यांचा विरोध असा नव्हता, ते फक्त गप्प असायचे. एकदा चहाला मी विचारलंच, अण्णा काय खटकतंय? तर म्हणाले, "मॅडम, 18 जानेवारी 82 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारावीला होतो. गिरणी बंद झाली असं वडलांना कोणी सांगितलंच नाही हो. थांबा, बघू, एवढंच. माणूस वर्षभर डबा घेऊन गेटवर जाऊन यायचा." एवढं बोलून कप विसळायला गेले.

आणि शुक्रवारी संध्याकाळी मला मेल आला, बदल्यांची यादी. आमच्यातले चौघं. पहिलंच नाव अण्णांचं, वसई, 16 तारखेपासून. खाली लिहिलेलं, सोमवारचं काम सुरळीत पार पडेपर्यंत स्टाफला कळवू नये. झोनल ऑफिसला फोन केला तर तिकडचे साहेब म्हणतात, "मॅडम, इमोशनल होऊ नका, एक दिवसाचा तर प्रश्न आहे." (माझ्या जागी पुरुष मॅनेजर असता तर त्याला काय म्हणाले असते कोण जाणे.)

शनिवार-रविवार मी ती यादी मोबाइलमध्ये घेऊन फिरले. डोक्यात तो डबा.

सोमवारी सकाळी साडेआठला सगळ्यांना बोलावलं आणि वाचून दाखवली, म्हटलं हे मला शुक्रवारपासून माहीत आहे, तुम्हाला आज सांगू नका असा हुकूम होता, आणि बाकीच्यांचं पुढे काय होणार ते मलाही कळवलेलं नाही. एक जण तिथेच भडकला, म्हणाला मग आज काउंटरवर मी बसतच नाही, आणि खरंच अकरापर्यंत बसला नाही. एक मुलगी रडली. अण्णांनी विचारलं, "कॅश उघडायची ना?" आणि केबिनमध्ये गेले.

दहाला शटर वर गेलं तर रांग रस्त्यापर्यंत, छत्र्यांसकट. खात्याचे नंबर बदललेले, पासबुक प्रिंटर नवा फॉरमॅट घेईना, आयएफएससी कोडमधलं पाचवं अक्षर शून्य असतं ते लोक ओ म्हणून लिहून नेत होते. गणपती मंडळाची पोरं मूर्तिकाराचा ॲडव्हान्स काढायला आलेली आणि त्यांच्या खात्यावरच्या तिघांच्या सह्या स्क्रीनवर दिसतच नव्हत्या, स्कॅन आलेच नाहीत पलीकडे. सह्या जुळवल्याशिवाय मी पैसे पास करू शकत नव्हते, ती पोरं ऐकू शकत नव्हती. एकाने तर सरळ म्हटलं, "मॅनेजर साहेबांना बोलवा." मीच आहे म्हटल्यावर जरा मऊ झाला. शेवटी तिघांनाही ओळखपत्रं घेऊन समोर उभं केलं, झोनलकडून मेलवर परवानगी मागवली, यात दोन तास गेले.

त्यात रांगेत कुजबुज, बँक बुडाली म्हणून मोठ्या बँकेने घेतली. एक आजी एफडीची पावती पदरात बांधून आलेल्या, म्हणे आत्ताच्या आत्ता मोडा. मी ठेवींवरच्या पाच लाखांपर्यंतच्या विम्याचं सांगत होते, 2020 पर्यंत तो एक लाखच होता हेही, पण माझा आवाज रांगेपर्यंत पोचत नव्हता. तेवढ्यात कॅश केबिनमधून अण्णा ओरडले, "आजी, पैसे आहेत तिथेच आहेत, पाटी बदललीय फक्त. मोडलीत तर व्याज जाईल."

आजी म्हणाल्या, "तू आहेस ना पण?"

"पंधरा तारखेपर्यंत आहे," अण्णा म्हणाले. "मग वसईला."

आजींनी पावती परत बांधली. मी खाली मान घालून व्हाउचरं बघत बसले.

डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशोब बंद, व्हायला रात्रीचे पावणेदहा वाजले, कॅश पाचशेने जास्त येत होती, तीनदा मोजली. सकाळी न बसलेला तोच पठ्ठ्या थांबला आणि त्यानेच शोधून काढलं, एक भरणा मेकरने (एंट्री करणाऱ्याने) टाकलेला पण चेकरने (तपासून मंजूर करणाऱ्याने) पास केलाच नव्हता. चेकर कोण? मी.

झोनलला कळायचं ते कळलंच, मेमो आला. अण्णांच्या बदलीसाठी मी पुढे दोन मेल टाकले, दोन्हीला एकच उत्तर, "नोटेड".

त्या रात्री शटर ओढताना अण्णा मला एवढंच म्हणाले, "मॅडम, लोअर परळला फास्ट लोकल थांबत नाही ना? म्हणजे दादरपर्यंत बस बघावी लागणार."