फ्री डिशच्या रेकॉर्डिंगमधल्या जाहिराती आपोआप ओळखणं : माझा अनुभव

परभणीत ऐन कार्यक्रमाच्या वेळी लाईट असेलच असं नाही. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि सवडीने बघायचं, हा त्यावर उपाय. पण मग जाहिराती रिमोटने पुढे ढकलत बसावं लागतं. ते टाळायला मी कॉमस्किप हे रेकॉर्डिंगमधल्या जाहिराती शोधणारं मोफत सॉफ्टवेअर बसवलं. जसंच्या तसं चालवलं तर ते आपल्या वाहिन्यांवर फसतं, म्हणून हे लिहितोय.

आधी सिग्नल. फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत डिश सेवा, जीसॅट-१५ या उपग्रहावर, ९३.५ अंश पूर्वेला आहे. परभणीतून डिश आग्नेयेला आणि क्षितिजापासून साधारण ६० अंश वर धरावी लागते. एमपीईजी-२ या जुन्या व्हिडिओ पद्धतीतल्या खुल्या वाहिन्या संगणकाला जोडायच्या यूएसबी ट्यूनरवर सरळ मिळतात. रेकॉर्डिंग टीव्हीहेडएंड या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पास' प्रोफाइलवर ठेवा, म्हणजे आलेला प्रवाह तसाच टीएस फाईलमध्ये उतरतो. बिटरेट, म्हणजे सेकंदाला येणारा डेटा, २.५ मेगाबिट धरला तर तासाला १.१ जीबी जागा जाते. जागा वाचवायला आधीच फाईल आवळली तर लोगोच्या कडा पुसट होतात, आणि पुढचं सगळं काम त्या कडांवरच आहे.

कॉमस्किप अनेक खुणा बघतं: काळी फ्रेम, लोगो, दृश्यबदल, चित्राचं लांबी-रुंदीचं प्रमाण, शांतता. प्रत्येक खुणेला एक आकडा आहे आणि हव्या त्या आकड्यांची बेरीज 'डिटेक्ट मेथड' या सेटिंगमध्ये लिहायची असते. मूळ मांडणी अमेरिकी प्रक्षेपणाच्या सवयीची. तिथे कार्यक्रम आणि जाहिरात यांच्यामध्ये क्षणभर पडदा काळा होतो. मी तपासलेल्या मराठी वाहिन्यांवर एक जाहिरात दुसरीला थेट चिकटलेली असते. उलट मालिकेत रात्रीचा प्रसंग आला की काळ्या फ्रेम मिळतात आणि नेमका तोच भाग जाहिरात ठरतो. म्हणून काळ्या फ्रेमचा १ काढला. लोगोचे २ आणि शांततेचे ६४ मिळून ६६ ठेवले. शांतता उपयोगी पडते, कारण दोन जाहिरातींच्या सांध्यावर आवाज काही फ्रेमपुरता खाली जातो. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम असतात, तेव्हा हा खड्डा कानाला कळत नाही, पण मोजता येतो.

खरा भरवसा लोगोवर. सॉफ्टवेअर बऱ्याच फ्रेम एकमेकींवर ठेवून न हलणाऱ्या कडा शोधतं. त्यामुळे फिरणारा, चमकणारा लोगो त्याला सापडत नाही. बातम्यांच्या वाहिन्यांवर मी हा नाद सोडला. जाहिरातीतही लोगो कायम ठेवणाऱ्या वाहिनीवरही ही पद्धत निरुपयोगी. अर्धपारदर्शक पांढरा लोगो असेल तर आणखी एक घोळ होतो. कीर्तनाच्या रेकॉर्डिंगमध्ये बुवांचा पांढरा फेटा कोपऱ्यात आला की लोगो त्यात विरघळतो, आणि अभंग रंगात असताना कॉमस्किप तिथे ब्रेकची सुरुवात लावतं. यावर 'किमान ब्रेक', म्हणजे ब्रेक धरायला लागणारी कमीत कमी लांबी, २५ वरून ६० सेकंदांवर नेला. फेटा कोपऱ्यात एवढा वेळ थांबत नाही. याची किंमत अशी की १०-२० सेकंदांची सुटी जाहिरात तशीच राहते. मला ते चालतं. अभंग गेलेला चालत नाही.

चालू कार्यक्रमातच चित्र आकसून बाजूने आणि खालून एल आकाराची जाहिरात येते, तिचं काही करता येत नाही. तेवढ्यात लोगो जागा सोडतो खरा, पण कार्यक्रम चालूच असतो. तोही भाग याच ६० सेकंदांमुळे बहुधा वाचतो.

पावसाळ्यात सिग्नल तुटला की त्या वेळाच्या फ्रेमच नसतात. वेळेच्या नोंदी उडी मारतात आणि पुढच्या सगळ्या खुणा सरकतात. अशी फाईल आधी एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून 'कॉपी' पद्धतीने, म्हणजे चित्र न आवळता, नव्याने बांधून घ्यायची, मगच तपासायची.

कॉमस्किपचा निकाल ईडीएल फाईलमध्ये, म्हणजे ब्रेकच्या वेळांच्या साध्या यादीत, येतो. एका ओळीत तीन आकडे, पहिले दोन सेकंदांत:

६१२.४० ७७४.८० ३

म्हणजे १० मिनिटं १२ सेकंदांनी ब्रेक सुरू झाला आणि १६२ सेकंद चालला. शेवटचा ३ म्हणजे 'ही जाहिरात आहे' एवढीच खूण. कोडी हा व्हिडिओ प्लेयर तेवढा भाग ओलांडून पुढे जातो आणि मागे जाऊन तो बघताही येतो. तिथे ० असेल तर तो भाग कापलेला धरतात. मागे जाऊनही सापडत नाही. कॉमस्किपच्या सेटिंगमध्ये ३ करून घ्या. मूळ फाईल कापून टाकण्याची घाई तर अजिबात नको. एका वाहिनीची निदान दहा रेकॉर्डिंग डोळ्यांनी तपासा, खुणा बरोबर बसल्या तर पुढचं ठरवा.

एकदा नीट सापडलेल्या लोगोची फाईल वाहिनीच्या नावाने जपून ठेवा, पुढच्या वेळी तीच देता येते. मात्र सणावाराला किंवा १५ ऑगस्टला लोगो सजवलेला दिसला, तर त्या दिवसापुरती ती बाजूला ठेवून कॉमस्किपला नव्याने शोधू द्या.