स्टोरी एडिटरचे टिपण आणि रखडलेले अकरा आठवडे

माझ्या पहिल्या पटकथेचा दुसरा ड्राफ्ट अकरा आठवडे रखडला, आणि त्याचे खापर ओळखीतले काही जण आजही स्टोरी एडिटरवर, म्हणजे लेखकाकडून पटकथा सुधारून घेणाऱ्या व्यक्तीवर, फोडतात, म्हणून हे लिहीत आहे.

मुंबईतील एका निर्मितीसंस्थेने माझी १२८ पानांची पटकथा स्वीकारली आणि मला एक स्टोरी एडिटर दिल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी संवाद बाजूला ठेवायला सांगितले; संपूर्ण पटकथेची वनलाइन, म्हणजे प्रत्येक सीन एक-दोन ओळींत, मागितली आणि ओळीओळीपुढे एकच प्रश्न लिहिला: ‘इथे सुलभाला काय हवे आहे?’ वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत अडकलेली माझी नायिका सुलभा पहिला निर्णय थेट ७१ व्या सीनमध्ये घेत होती, हे मला दोन वर्षांत दिसले नव्हते. त्यांनी एकही सीन स्वतः लिहून दिला नाही, आणि ते योग्यच होते. उपाय लेखकानेच शोधायचा असतो.

अडले ते यानंतर. नवी वनलाइन कार्यालयात गेली आणि तिथून तिघांचे अभिप्राय थेट माझ्या व्हॉट्सॲपवर येऊ लागले. एकाला सुलभाचा भाऊ खलनायक हवा होता, दुसऱ्याला त्याच्याविषयी सहानुभूती वाटायला हवी होती, आणि तिसऱ्याने ‘याच आठवड्यात वाचतो’ म्हणून पाच आठवडे घेतले. असे अभिप्राय एकत्र करून, त्यांतील विरोध मिटवून लेखकाला एकच टिपण देणे हा स्टोरी एडिटरच्या कामाचा गाभा आहे. पण अंतिम शब्द कोणाचा, हे कार्यालयाने ठरवलेच नव्हते, त्यामुळे माझ्या स्टोरी एडिटरचे टिपण तयार असूनही मंजुरीविना पडून राहिले. मी फोन केला की ‘सर बघतायत’ एवढेच उत्तर मिळे. अखेर स्टोरी एडिटरनीच तिघांना एकत्र बसवले आणि अडीच तासांनी चार मुद्द्यांचे एक पान माझ्या हाती आले.

म्हणून नोट्स, म्हणजे ड्राफ्टवरचे अभिप्राय, कोण देणार, किती दिवसांत देणार आणि ड्राफ्ट किती, हे करारात लिहून घ्यावे. मानधनाचा हप्ता मंजुरीनंतर नव्हे, ड्राफ्ट सुपूर्द केल्यावर देय असावा. माझा मंजुरीला बांधलेला होता, त्यामुळे तोही अडकला. त्याआधीची गोष्ट म्हणजे पटकथा कोणालाही पाठवण्यापूर्वी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवावी. त्याने तारखेचा पुरावा राहतो. कॉपीराइटचे संरक्षण लिहिलेल्या मांडणीला मिळते, नुसत्या कल्पनेला नाही, हेही तोंडी कथा ऐकवण्यापूर्वी लक्षात असावे.

ते पान मिळाल्यावर दुसरा ड्राफ्ट १९ दिवसांत झाला. तो १०९ पानांचा आहे, आणि सुलभा आता २४ व्या सीनमध्येच सातबारा घेऊन एकटी तलाठ्याकडे जाते.