सगळ्या टेस्ट हिरव्या, मग मार्क का कापले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण कर्वेनगरच्या आमच्या पायथन प्रोग्रॅमिंगच्या बॅचला इन्हेरिटन्सची (एका क्लासने दुसऱ्याकडून वारशात मेथड घ्यायच्या, त्याची) असाइनमेंट झाली की कोणीतरी विचारतंच, सर सगळ्या टेस्ट पास आहेत, मग मार्क का कापलेत?

असाइनमेंट साधी आहे. वाहन नावाचा क्लास (म्हणजे कोडमधला एक साचा), त्यात भाडं काढायची मेथड (क्लासमधलं फंक्शन). रिक्षा क्लासने ती तिथूनच घ्यायची, स्वतः फक्त दर द्यायचे. दर मी पुण्याचे 2022 चे देतो, पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17, म्हणजे साडेतीन किलोमीटरचे 59 आले की टेस्ट हिरवी. (आपला रिक्षावाला यायला तयार झाला तर, तो भाग वेगळा.) आता एखाद्याने वाहनला हातही न लावता ती मेथड उचलून रिक्षात पेस्ट केली तरी 59 च येणार ना! टेस्टने आकडा बघितला, नातं कुठे बघितलं?

मग पोरं म्हणतात, इजसबक्लास (एक क्लास दुसऱ्याचा सबक्लास, म्हणजे वारस, आहे का ते सांगणारं फंक्शन) लावा की. लावतो, पण ते फार भोळं आहे हो. रिक्षाच्या नावापुढे कंसात वाहन लिहून वारसा जाहीर करायचा आणि खाली मेथड परत चिकटवायची, तरी ते हो म्हणतं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट बेस क्लास (इतर क्लासमध्ये कुठल्या मेथड हव्यात ते सांगणारा क्लास) असेल तर अजूनच मजा, त्याच्याकडे नाव रजिस्टर केलं की कुठलाही क्लास सबक्लास ठरतो, वारशात एक मेथड न येता. पायथनच्या साइझ्डला (हाही असाच एक तयार क्लास) तर रजिस्टर पण लागत नाही, क्लासमध्ये डंडर लेन (लांबी सांगणारी __len__ मेथड) लिहिलं की झालं. पायथनने हे मुद्दाम असं ठेवलंय, बग नाहीये, फक्त आपल्या कामाचं नाही. अशी नुसती नावाची सबक्लास मंडळी एमआरओमध्ये (मेथड कुठल्या क्लासमध्ये कुठल्या क्रमाने शोधायची त्या यादीत) दिसत नाहीत, त्यामुळे तिथे सापडतात.

पण चिकटवलेली मेथड एमआरओलाही कळत नाही, म्हणून मी वेगळंच करतो. टेस्ट चालू असताना वाहनची भाडं काढायची मेथड पॅच करून (तात्पुरती बदलून) त्या जागी मॉक (कॉल आला का ते नोंदवणारी नकली मेथड) बसवतो, आणि मग रिक्षाला भाडं विचारतो. मॉकला कॉल आला तर मेथड खरंच वरून आली, नाही आला आणि आरामात 59 मिळाले तर कॉपी. मॉकने काय परत दिलं ते बघत नाही, कारण कोणी ओव्हरराइड करून (तीच मेथड रिक्षात नव्याने लिहून) आत सुपर (वरच्या क्लासची मेथड बोलावायची सोय) वापरलं असेल तर आकडा बदलेल आणि बिचाऱ्याचे मार्क उगाच जातील.

ज्यांचे कापलेत त्यांनी शनिवारी लॅपटॉप घेऊन या, तुमच्याच कोडवर चालवून दाखवतो.